किती वाजता जेवलात आणि किती वाजता उलटी झाली? अन्नातल्या जंतूंमुळे आजारी पडल्यावर काय करायचं, क्रमाने

घरात कुणाला उलट्या-जुलाब सुरू झाले की पहिली धाव औषधाच्या डब्याकडे जाते. त्याआधी एक मिनिट काढा आणि कागदावर नोंद करा: त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, आणि आधीच्या तीन दिवसांत या माणसाने काय, कुठे, किती वाजता खाल्लं. सोबत आणखी कोण जेवलं होतं आणि त्यांची तब्येत कशी आहे, हेही लिहा. या नोंदीचा डॉक्टरांना फार उपयोग होतो आणि दुसऱ्या दिवशी ती आठवत नाही.

तीन दिवस मागे जायचं कारण असं, की आपला संशय नेहमी शेवटच्या जेवणावर जातो. रात्री उलटी झाली तर संध्याकाळची पाणीपुरी दोषी ठरते. पण खरा गुन्हेगार परवाच्या कोंबडीच्या रश्श्यात किंवा न उकळलेल्या पाण्यात असू शकतो. ही गल्लत का होते ते कळण्यासाठी एक फरक समजून घ्यावा लागेल. काही जंतू अन्न ताटात येण्यापूर्वीच त्यात विष सोडून ठेवतात. असं अन्न पोटात गेलं की काही तासांतच त्रास होतो. इतर जंतूंना आधी आतड्यात मुक्काम करून वाढावं लागतं, म्हणून ते दिवस घेतात.

पायरी 1: घड्याळ काय सांगतं ते वाचा

अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत जोरदार उलट्या, मळमळ, पोटात पेटके, ताप नाही किंवा अगदी किरकोळ: हे आधीच तयार असलेल्या विषाचं लक्षण. यात दोन जंतू मुख्य. पहिला स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो अनेक धडधाकट माणसांच्या नाकात आणि कातडीवर राहतो, बोटाला पिकलेली जखम असेल तर तिथे भरपूर असतो. हाताने वळून किंवा कालवून नंतर पुन्हा न शिजवता वाढायचे पदार्थ, म्हणजे खव्याचे पेढे, क्रीमचा केक, सँडविच, चिरून ठेवलेली अंडी, त्याला फार सोयीचे. दुसरा बॅसिलस सेरियस, आणि याचं आवडतं घर म्हणजे भात. कच्च्या तांदळावर त्याचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जंतूचं कवचबंद झोपलेलं रूप. भात शिजताना ते मरत नाहीत. शिजलेला भात ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात.

या दोन्ही विषांबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: उकळून ती नाहीशी होत नाहीत. रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी कडकडीत फोडणीत परतला तरी जंतू मरतील, विष तसंच राहील. «गरम केलं की सगळं मरतं» हा समज इथेच उलटतो.

जेवणानंतर साधारण 8 ते 16 तासांनी पोटात कळा आणि पातळ जुलाब, पण उलटी आणि ताप जवळपास नाही: क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचा विचार करा. हा मोठ्या पातेल्यांचा जंतू. मटणाचा रस्सा, घट्ट आमटी, बिर्याणी अशा गोष्टी भांडंभर करून तशाच झाकून ठेवल्या की मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथे हवाही नसते. याला नेमकं तेच हवं असतं. 43 ते 45 अंश सेल्सियसच्या आसपास हा जंतू दर दहा मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. हिशेब करून पाहा: तीन तासांत 18 वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे अडीच लाखांहून जास्त. सकाळी दहाला उतरवलेला रस्सा दुपारी तीनला वाढला तर काय होतं, ते या आकड्यात आहे.

बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत ताप, कळा आणि जुलाब: इथे साल्मोनेला (अंडी, कोंबडी), शिगेला आणि ई. कोलायचे काही प्रकार येतात. शौचाला वारंवार जावंसं वाटणं, मुरडा, आव आणि रक्त हे शिगेलाचं ठळक रूप. त्याचे अगदी थोडे, शे-दोनशेच्या आतले जंतूही माणसाला पुरतात, म्हणून तो एकाच घरात एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. किनारपट्टीवर तिसऱ्या (शिंपल्या), कालवं, कोळंबी अर्धवट शिजवून खाल्ल्यावर साधारण एका दिवसात पाण्यासारखे जुलाब झाले तर व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस असू शकतो. कॅम्पिलोबॅक्टर बहुधा दोन ते पाच दिवस घेतो आणि मुख्यतः कोंबडीतून येतो.

तांदळाच्या धुवणासारखे पांढरट, भरमसाट जुलाब म्हणजे पटकी असू शकते. इथे वाट पाहायची नाही. धडधाकट माणूसही काही तासांत कोसळतो.

विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची, चाल निराळी. जंतू पोटात गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी ताप सुरू होतो आणि दिवसागणिक चढत जातो. डोकं दुखतं, भूक मरते, जुलाबाऐवजी बद्धकोष्ठही होतं. त्यामुळे «बाहेरचं खाल्लं» हा दुवा कुणालाच आठवत नाही.

आणि काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल, अंगाला खाज, धडधड, डोकेदुखी, आणि जेवणात बांगडा किंवा कुपा असेल तर? बर्फाविना राहिलेल्या माशात जंतू हिस्टामीन नावाचं रसायन तयार करतात, ते शिजवून जात नाही. त्याला माशाची अ‍ॅलर्जी समजून लोक आयुष्यभर बांगडा सोडतात. डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

पायरी 2: दवाखान्यात कधी न्यायचं

यातली एकही खूण दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका:

– शौचात रक्त, किंवा ताप 39 अंश सेल्सियसच्या (102 फॅरनहाइट) वर
– प्यायलेलं काहीच पोटात टिकत नाही
– सहा ते आठ तास लघवी नाही, किंवा ती अगदी थोडी आणि गडद
– उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, झोपाळूपणा, असंबद्ध बोलणं
– मोठ्या माणसाचे जुलाब तीन दिवसांत न थांबणं. लहान मुलाच्या बाबतीत एवढीही वाट नको
– नजर दुहेरी होणं, पापण्या जड पडणं, बोलताना किंवा गिळताना अडखळणं

शेवटची खूण बॉटुलिझमची, म्हणजे एका जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याची. तो क्वचित होतो, पण श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचतो. त्यात जुलाबाची वाट न पाहता थेट मोठं रुग्णालय गाठायचं. याच जंतूच्या बीजाणूंमुळे एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नसतो, अगदी बारशाला बोटभरसुद्धा नाही.

बाळात पाणी कमी झाल्याचं तीन ठिकाणी दिसतं: डोळे खोल, रडताना अश्रू नाहीत, डोक्यावरची टाळू आत गेलेली. पोटावरच्या कातडीची चिमूट घेऊन सोडा. ती लगेच पूर्ववत न होता सावकाश बसत असेल तर उशीर झालेला आहे, लगेच निघा. गरोदर बाई, पासष्टीपुढचे लोक, मूत्रपिंडाचे किंवा कर्करोगाचे रुग्ण यांना साध्या त्रासातही लवकर दाखवा. गरोदरपणातला नुसता ताप आणि अंगदुखीही लिस्टेरियामुळे असू शकते. हा जंतू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो आणि गर्भाला घातक ठरतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108.

पायरी 3: पाणी परत भरा

बहुतेक अन्नविषबाधांत माणसाचा जीव जंतू घेत नाही, शरीरातून गेलेलं पाणी आणि मीठ घेतं. म्हणून खरं औषध ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवून प्यायचं क्षार आणि साखरेचं मिश्रण. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पटकीची साथ पसरली आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं मिश्रण पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. मृत्यूंचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. यामागचं कारण साधं आहे: आतडं आजारी असतानाही ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत ओढून घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी येतं. नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ असं शोषलं जात नाही.

औषधाच्या दुकानात पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख शोधा. एका लिटरच्या पाकिटात 20.5 ग्रॅम भुकटी असते: ग्लुकोज 13.5, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम. ओआरएस हे नाव मिरवणारी गोड पेयं तयार डब्यांत बरीच वर्षं विकली गेली. 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला मनाई केली. त्यांत साखर जास्त आणि मीठ कमी असे, आणि जादा साखर आतड्यात उलट पाणी खेचते.

कृती: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मोजून घ्या. एक लिटरची बाटली भरली तर मोजायची चिंता नाही. संपूर्ण पाकीट एकदम टाका, विरघळवा, झाका. 24 तासांनी उरलेलं फेकून नवं करा. यात चुका ठरलेल्या होतात. लिटरचं पाकीट एका ग्लासात ओततात. ते इतकं खारट होतं की बाळाच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. दुसरी चूक म्हणजे रोज थोडी भुकटी काढून ग्लासभर करणं. घटकांचं प्रमाण दरवेळी बदलतं. एकट्या माणसासाठी 200 मिलीची छोटी पाकिटं मिळतात, ती घ्या. विरघळवल्यावर उकळू नका, वरून साखर घालू नका.

पाकीट नसेल तर: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा 5 मिलीचा, आणि सुरीने वरचा ढीग सारखा करून. चव अश्रूंइतकी खारट लागावी. त्याहून खारट लागलं तर ओतून द्या आणि पुन्हा करा.

किती पाजायचं? दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, दोन ते दहा वर्षांत 100 ते 200 मिली, त्यापुढे मागेल तेवढं. पाणी कमी झाल्याच्या खुणा दिसत असतील पण मूल शुद्धीत आणि पीत असेल, तर डॉक्टर पहिल्या चार तासांत किलोमागे 75 मिली द्यायला सांगतात. दहा किलोच्या मुलाला 750 मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. कंटाळवाणं काम आहे, पण ग्लास तोंडाला लावला की पुन्हा उलटी होते आणि «पोटात काही टिकत नाही» असा गैरसमज होतो. बहुतेक मुलांच्या पोटात चमच्याने दिलेलं टिकतं.

अंगावरचं दूध थांबवायचं नाही. मधुमेह्यांनीही ओआरएस घ्यायचं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून ते जोडीला चालेल, ओआरएसच्या जागी नाही. लहान मुलांना जोडीला झिंक: सहा महिन्यांपुढे रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10, एकूण 14 दिवस, जुलाब थांबले तरी.

उपाशी ठेवू नका. भूक लागली की मऊ भात, मुगाची खिचडी, मीठ घातलेली पेज, केळं, दही. दूध आणि तेलकट दोन-तीन दिवस कमी.

पायरी 4: गोळ्यांच्या बाबतीत हात आखडता

अँटिबायोटिक परस्पर घेणं ही आपल्याकडची जुनी खोड. विषामुळे झालेल्या उलट्यांवर ते काहीच करू शकत नाही. बहुतेक साल्मोनेलाचे जुलाबही चार ते सात दिवसांत आपसूक थांबतात. रक्ती आव, पटकी, टायफॉइड यांत मात्र त्याची गरज असते आणि तिथे कोणतं, किती दिवस हे डॉक्टर ठरवतात. ई. कोलायच्या ओ157 या प्रकारात तर अँटिबायोटिकने मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढू शकतो, आणि तो मुख्यतः लहान मुलांना. रक्त पडतंय म्हणून घरातली उरलेली गोळी द्यायची नाही, ती यासाठी.

जुलाब बंद करणारी लोपरामाइडची गोळी ताप किंवा रक्त असताना घेऊ नये, मुलांना देऊच नये. आतड्याची हालचाल थांबते आणि जंतू-विष आतच कोंडून राहतं. तापाला पॅरासिटामॉल पुरे. इबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडाला त्रास देतात. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू असतील तर या दोन दिवसांत त्या घ्यायच्या का, हे फोन करून विचारा.

टायफॉइडचा संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करायला मागा. टायफॉइडसाठी केली जाणारी विडाल ही रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा नकारात्मक येते आणि टायफॉइड नसतानाही सकारात्मक येऊ शकते. नुसत्या विडालवर उपचार झालेले कितीतरी लोक भेटतात. लस उपलब्ध आहे: टायफॉइड कॉन्जुगेट लशीचा एक डोस. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये ती मुलांना सार्वजनिक मोहिमेत दिली. टायफॉइड होऊन गेलेल्यांनीही लस घ्यावी, एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नसतं.

पायरी 5: स्वयंपाकघरात घड्याळ लावा

5 ते 60 अंश सेल्सियस हा जंतू वाढण्याचा पट्टा. आपल्या उन्हाळ्यात ओटा दिवसभर त्यात असतो. शिजलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका, चाळिशीच्या उन्हात एक तासच.

उरलेला भात तासाभरात फ्रिजमध्ये जायला हवा. तो पातेल्यात दाबून ठेवला तर मध्यभाग गार होत नाही. ताटात पसरा, वाफ जाऊ द्या, मग उथळ डब्यात. रस्सा, आमटी, खीर यांचा थर दोन इंचांपेक्षा जाड नको. मोठं पातेलं असेल तर थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा. गरम डबा ठेवल्याने फ्रिज बिघडतो म्हणून अन्न रात्रभर बाहेर ठेवणं ही सगळ्यांत महाग पडणारी काटकसर. फ्रिजचं तापमान 5 अंशांखाली आहे का हे एका साध्या थर्मामीटरने एकदा तपासा. ठासून भरलेल्या फ्रिजमध्ये ते बरेचदा जास्त निघतं. भात दुसऱ्या दिवशी संपवा आणि एकदाच गरम करा, आतपर्यंत वाफ येईल इतका. मायक्रोवेव्हमध्ये मधे एकदा ढवळा, काही भाग थंड राहतात.

कोंबडी नळाखाली धुऊ नका. शिंतोडे दोन-तीन फुटांवरच्या कोथिंबिरीपर्यंत जातात आणि त्यांतच कॅम्पिलोबॅक्टर असतो. धुतल्याशिवाय मन मानत नसेल तर भांड्यात पाणी घेऊन अलगद हलवा, पाणी हळूच ओता आणि सिंक साबणाने घासा. कोंबडी चिरलेल्या सुरी-पाटावर काकडी-कांदा चिरणं ही घराघरातली चूक. आधी भाजी चिरा, मांस शेवटी. मांस आतून 75 अंशांपर्यंत शिजायला हवं. थर्मामीटर नसेल तर हाडाजवळ टोचून पाहा, पाणी गुलाबी नको.

मोड आलेल्या कडधान्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण ती पौष्टिक म्हणून कच्ची खाल्ली जातात. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही लागते. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ आली. जवळपास चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त दगावले. मटकी-मूग उकळत्या पाण्यातून काढून किंवा वाफवून मगच कोशिंबिरीत घाला.

पाण्याला तुरटी फिरवली की गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. खळखळून एक मिनिट उकळा, किंवा क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. बाहेरच्या पदार्थांत पावसाळ्यात सगळ्यांत धोका पाणी, बर्फ आणि कच्च्या चटणीचा. समोर तळलेली भजी त्या मानाने बरी.

जेवणावळ असेल तर

मोठ्या स्वयंपाकात एकच चूक शेकडो लोकांना भोवते. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यात प्रसादानंतर शेकडो लोक आजारी पडले आणि झाडांना दोऱ्या बांधून सलाइन लावावं लागलं. स्वयंपाक वाढण्याच्या वेळेला जोडून करा. पाच तास आधी शिजवून झाकलेली पातेली नकोत. मधे वेळ असेल तर मंद आचेवर वाफाळतं ठेवा. भगर, विशेषतः तिचं दळून ठेवलेलं पीठ, दमट जागी बुरशी धरतं आणि बुरशीचं विषही शिजवून जात नाही. त्यामुळे भगर अख्खी, पाकीटबंद, ताजी घ्या आणि लागेल तेव्हाच दळा.

प्रत्येक पदार्थाची एक वाटी स्वच्छ झाकणाच्या डब्यात, वर वेळ लिहून, फ्रिजमध्ये ठेवा. त्रास झाला तर प्रयोगशाळेला त्यातून कारण सापडतं. एकाच जेवणानंतर दोन-तीन घरांत त्रास दिसला तर उरलेलं अन्न वाटू नका, फेकूही नका. झाकून बाजूला ठेवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. अन्न व औषध प्रशासन नमुने घेतं.

ज्याला जुलाब झालेत त्याने शेवटच्या जुलाबानंतर पूर्ण 48 तास इतरांसाठी स्वयंपाक करायचा नाही, वाढायचंही नाही. हात साबणाने किमान वीस सेकंद. सॅनिटायझर साबणाची जागा घेत नाही. बोटाला पू झालेला आचारी असेल तर त्याला पेढे वळायला बसवू नका. टायफॉइडमधून बरं झालेल्याने मात्र 48 तासांवर विसंबू नये: बरं वाटल्यावरही जंतू शौचातून पडत राहू शकतात, काहींच्या पित्ताशयात ते वर्षानुवर्षं राहतात. खानावळ, मेस किंवा शाळेच्या स्वयंपाकघरात परतण्यापूर्वी त्याची शौचाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या.